पहाटेची शिकवण

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४–९, २ तीमथ्य १:३–५ व ३:१४–१५, १ शमुवेल ३:११–१४.

खेड्यांतील मंडळ्यांतून फिरतांना एक उत्तर पाळकास वारंवार ऐकावें लागतें. मुलास प्रार्थना येते काय, असें विचारिलें तर बाप म्हणतो, "उपदेशक शिकवितील." त्यास वाचतां येतें काय, असें विचारिलें तर आई म्हणते, "गुरुजी शिकवितील. मी अडाणी बाई, मला काय कळतें?" उपदेशक महिन्यांतून दोनदां येतात. गुरुजींपुढें एकाच खोलींत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. मग उरलेला काळ मूल कोणाजवळ शिकतें? कारण शिकत तर तें असतेंच. बाप बाजारांतून उशिरां परतला म्हणजे कसा बोलतो, शेजारणीची कोंबडी वाळवणावर आली म्हणजे आईच्या तोंडून काय निघतें, औषधास पैसे नसतात तेव्हां घरांत कोणाचें नांव घेतलें जातें, हें सर्व तें पाहतें. आणि हा धडा त्यास दुसऱ्यांदा सांगावा लागत नाहीं. घरीं शिकवावें कीं न शिकवावें, असा प्रश्न म्हणून उरतच नाहीं. घरीं शिक्षण चाललेंच आहे. तें कशाचें चाललें आहे, हें मात्र आईबापांनीं पाहिलें पाहिजे.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मोशेनें मुलांस शिकविण्याची आज्ञा दिली ती कोणास दिली, तें लक्षांत घ्या. याजकांस वेगळें बोलावून ती सांगितली नाहीं; सर्व इस्राएलास, म्हणजे घरोघरच्या आईबापांस सांगितली. शिकविण्याच्या वेळाही त्यानें नेमून दिल्या आहेत : घरीं बसलां असतां, वाटेनें चालतां, निजतांना व उठतांना. ह्यांपैकीं कोणत्याही वेळीं बांक, फळा अथवा पुस्तक लागत नाहीं. त्या लोकांच्या घरोघर पुस्तकें नव्हतींच. परंतु सातव्या वचनाच्या आधीं सहावें आहे, आणि आपण तें घाईनें वाचून पुढें जातों. वचनें आधीं आईबापांच्या अंतःकरणांत असावींत, मग मुलांच्या कानीं जावींत, असा तेथील क्रम आहे. ज्या घरांत बाप स्वतः गुडघे टेकीत नाहीं, त्या घरांतील मुलास "प्रार्थना कर" असें म्हणण्यानें मूल एवढेंच शिकतें कीं प्रार्थना ही लहानांनीं करावयाची गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, आमच्या घरांत पति-पत्नी एका विश्वासाचीं नाहींत, तेव्हां आम्हीं काय करावें? तीमथ्याचें घर असेंच होतें. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं त्याचा बाप हेल्लेणी होता व आई विश्वास ठेवणारी यहूदी होती. पौल त्या तरुणास पत्र लिहितो तेव्हां आजी लोईस व आई युनीके ह्या दोघींचीं नांवें घेतो, आणि त्यास बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक आहे असें म्हणतो. लुस्त्रासारख्या गांवीं त्या दोन स्त्रियांनीं ओसरीवर जें केलें, त्यावर पौलास पुढें बांधतां आलें.

आपल्या महाड तालुक्यांतील माणसांस आईच्या कामाचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड गांव आहे. तेथें जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत व त्यांची समाधिही आहे. गडावरील गार वारा वृद्धपणीं त्यांस सोसेना, म्हणून शिवाजी महाराजांनीं हा वाडा खालीं बांधविला, असें सांगतात. ६ जून १६७४ रोजीं गडावर राज्याभिषेक झाला, आणि १७ जून रोजीं पाचाडांत त्या माउलीनें देह ठेविला. शिवाजी महाराजांच्या बाळपणीं शहाजीराजे चाकरीनिमित्त बहुतेक काळ दूर कर्नाटकांत होते. मूल पुण्यास आईजवळ वाढलें. रामायण-महाभारतांतल्या गोष्टी सांगून आईनें त्यास घडविलें, अशी परंपरा आहे. त्या आपल्या विश्वासाच्या नव्हत्या हें खरें. परंतु बाप दूर असतां एकट्या आईनें मूल वाढविण्याची गोष्ट ह्या डोंगरांतील घरांस नवी नाहीं. ज्यांचे धनी मुंबईस, पुण्यास किंवा सुरतेस कामावर आहेत, त्या बहिणी हें वाचून "बाप जवळ नाहीं, मी एकटी काय करूं?" असें म्हणावयाचें सोडतील तर पुष्कळ झालें.

आतां एक दुसरी आई घेऊं, कीं जिच्या मुलीनें पुढें आपल्या हातीं मराठी शास्त्र दिलें. ही लक्ष्मीबाई डोंगरे, पंडिता रमाबाईंची आई. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री पुण्यास शिकत होते तेव्हां त्यांचे गुरु पेशव्यांच्या वाड्यांत एका राणीस संस्कृत शिकवीत. स्त्रीस विद्या येते, ही गोष्ट त्यांच्या मनांत तेव्हां बसली. पहिल्या पत्नीस शिकविण्याचा यत्न घरच्या विरोधापुढें फसला. दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नसमयीं अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांस त्यांनीं शिकविलें. लोकांनीं गवगवा केला, शास्त्र्यांनीं जाब विचारिला, तेव्हां ते पश्चिम घाटांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत घर करून राहिले. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. मूल सहा महिन्यांचें असतां कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, आणि तान्ह्या रमाबाईंस वेताच्या पेटींत ठेवून माणसानें डोक्यावरून नेलें. म्हणजे ज्यास आपण घर म्हणतों, तें ह्या मुलीस फारसें लाभलेंच नाहीं. धर्मशाळा, देवळांचीं आवारें, वाटेवरचीं झाडें हींच तिचीं घरें.

अशा स्थितींत लक्ष्मीबाईंनीं मुलीस शिकविलें. वडील वृद्ध झाले होते, म्हणून वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंचें शिक्षण आईच्याच हातीं होतें. दिवसां स्वयंपाक, पाणी, पाहुणे, विद्यार्थी, उसंत कोठली? म्हणून ती पहाटेस, उजाडण्यापूर्वीं, झोपेंत असलेल्या मुलीस उचलून घेई, गोंजारून जागी करी, आणि पांखरें बोलूं लागतात त्या वेळीं पाठ म्हणून घेई. हातीं पुस्तक नसे. आईनें म्हणावें व मुलीनें तिच्यामागून म्हणावें. असे पुराणांतील हजारों श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले. मला ह्या गोष्टींत विद्वत्तेपेक्षां त्या गोंजारण्याचें महत्त्व अधिक वाटतें. आपल्याकडे मुलास उठवितात तें पांघरूण ओढून व शिवी देऊन. मग त्यास पाठ नकोसा झाला तर नवल काय?

ह्या शिकवणीचा कस पुढें लागला. १८७४ ते १८७७ ह्या दुष्काळाच्या काळांत रमाबाईंचे वडील, आई व वडील बहीण थोड्याथोड्या अंतरानें गेलीं. रमाबाई व भाऊ श्रीनिवास अनवाणी, अर्धपोटीं देशभर हिंडलीं आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. अंगावर धड वस्त्र नव्हतें, परंतु आईनें तोंडीं घातलेलें होतें तें कोणास हिरावून नेतां आलें नाहीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्याच शिकलेल्या जिव्हेनें त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यांतील बायाबापड्यांस समजावें म्हणून सर्व शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. केडगांव येथील मुक्तीच्या मुलींनींच त्याचें छपाईचें काम केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूजवळ गेल्या.

परंतु ह्या घरच्या शाळेंत एक मोठी उणीव होती, आणि ती रमाबाईंनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. आईबापांनीं मुलांस संसारोपयोगी असें कांहीं शिकविलें नाहीं. जातीच्या अभिमानामुळें मोलमजुरी करवेना, भीक मागवेना, आणि प्रामाणिकपणें पोट भरण्याचा धंदा ठाऊक नव्हता. म्हणून दुष्काळांत तें कुटुंब उपासमारीनें संपलें. रमाबाई हें विसरल्या नाहींत. मुक्तींत त्यांनीं मुलींस अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवण व छपाई शिकविली. तेव्हां घरीं शिकविणें म्हणजे मुलास घरांत कोंडणें असा अर्थ कोणीं घेऊं नये. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानें दिला असून तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. लावणीच्या दिवसांत किंवा धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं मुलीस शाळेंतून काढून "ती घरीं शिकते" असें म्हणणें हें असत्य आहे, आणि मंडळीच्या वडिलांनीं तें खपवून घेऊं नये. मुलग्यास पुस्तक व मुलीस भांडीं, ही वाटणी ज्या घरांत आहे तेथें लक्ष्मीबाईंची गोष्ट दोनदां वाचावी.

"पण मला अक्षर येत नाहीं," ही आईची अडचण राहिलीच. तिला मी म्हणतों, बाई, तुझ्या मुलास येतें ना? संध्याकाळीं भाकरी थापतांना त्यास चुलीपाशीं बसव आणि दोन वचनें मोठ्यानें वाचावयास सांग. तूं तीं पाठ कर. दुसऱ्या दिवशीं तूं म्हण, त्यानें पुस्तकांत पाहून चूक काढावी. आईची चूक काढावयास मिळते म्हणून मूल पुस्तक सोडीत नाहीं, आणि महिन्याभरांत दोघांसही एक स्तोत्र येतें. अक्षरें शिकावयाचीं असतील तर परातींत बारीक राख किंवा तांदूळ पसरून बोटानें गिरवावींत. आपल्या वडिलांचीं धुळाक्षरें हींच होतीं. लक्ष्मीबाई टिळकांस शाळा मिळाली नव्हती. लग्नानंतर घरींच त्या लिहावाचावयास शिकल्या, आणि त्यांचें 'स्मृतिचित्रें' आज सर्व महाराष्ट्र वाचतो.

हिशेब शिकविण्यास तर शेतच पुरें. रोपांच्या जुड्या मोजाव्या, किलोभर नाचणीच्या पिठाच्या भाकरी किती झाल्या तें मुलास विचारावें, दुकानांतून आणलेल्या मिठामिरचीचे पैसे त्याजकडून जुळवून घ्यावे. आणि दुकानदारानें चुकून दहा रुपये अधिक दिले असतील तर ते परत करावयास त्यालाच पाठवावें. ह्या एका फेरींत आठवी आज्ञा जितकी शिकली जाईल तितकी माझ्या उपदेशानें शिकली जाणार नाहीं. प्रभूनेंही असेंच शिकविलें. पेरणारा, खमीर, हरवलेलें मेंढरूं, नाणें शोधण्यासाठीं दिवा लावून घर झाडणारी बाई, हे सर्व दाखले आपल्याच अंगणांतले आहेत. पेरणीच्या दिवशीं पेरणाऱ्याचा दाखला बांधावर सांगितला तर निराळें स्पष्टीकरण लागत नाहीं.

बापांविषयीं एक-दोन शब्द. जो मुंबईस आहे त्यानें मोबाईलवर बोलतांना पैशांची चौकशी करण्यापूर्वीं मुलास ह्या आठवड्याची गोष्ट विचारावी. जो घरीं आहे त्यानें इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचें चौथें वचन वाचावें. मुलांस चीड आणूं नका असें पौल सांगतो तें बापांस सांगतो. पिऊन आल्यावर मारणें ह्यास शिस्त म्हणत नाहींत. दुसऱ्या बाजूस एली आहे. तो सज्जन होता, शमुवेलास शिकविणारा होता, परंतु पोटच्या मुलांचें दुराचरण ठाऊक असून त्यानें त्यांस आवरिलें नाहीं. उपदेशक व पाळक ह्यांनीं हा भाग विशेष भीतीनें वाचावा, कारण दुसऱ्यांच्या मुलांस शिकवीत फिरतांना आपलीं मुलें मागें राहतात.

२०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या, उपासनाही बंद झाल्या, आणि जून महिन्यांत चक्रीवादळानें रायगड जिल्ह्यांतील घरांचीं छपरें नेलीं. पुढल्याच वर्षीं, जुलै २०२१ मध्यें, महाड शहर पुरांत बुडालें व तळिये गांवावर दरड कोसळली. वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. त्या दिवसांत ज्या मुलांजवळ एखादें स्तोत्र पाठ होतें, त्यांनीं तें अंधारांत म्हटलें असेल. ज्यांजवळ नव्हतें त्यांनीं काय म्हटलें असेल, ह्याचा विचार आईबापांनीं करावा.

उपदेशकांनीं हा पाठ घेतांना मंडळीस पुढील प्रश्न विचारावे, व उत्तरें घाईनें घेऊं नयेत. मोशेनें सांगितलेल्या चार वेळांपैकीं आपल्या घरीं कोणती वेळ साधेल? आपल्या मुलास कोणती एक गोष्ट पुस्तकावांचून सांगतां येते, आणि ती त्यास कोणीं शिकविली? रमाबाईंच्या आईबापांनीं जें शिकविलें नाहीं, तें आपण आपल्या मुलांस शिकवीत आहों काय? आपल्या गांवांत ज्या मुलांचे आईबाप दोघेही कामासाठीं बाहेरगांवीं आहेत, त्यांस ह्या आठवड्याची गोष्ट कोण सांगणार? ह्या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर मुलाचें व सांगणाराचें नांव घेऊन द्यावें, आणि उपदेशकांनीं तें आपल्या वहींत लिहून ठेवावें.