एकची सावली

अगं, बाळाला घेऊन बाहेर पडताना बाराला भिऊ नकोस, एकला भी. इथलं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे, त्यामुळे सिंगापुरात ऊन माथ्यावर येतं ते एकच्या सुमारास. मार्च आणि सप्टेंबरमध्ये 20 तारखेच्या पुढेमागे तर खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. पुण्यात मे महिन्यात शून्य सावली दिवस असतो ना, तोच हा. तेव्हा बिल्डिंगच्या कडेकडेनं चालून उपयोग नाही, भिंतीला सावलीच उरत नाही. झाडाला उरते, कारण झाड वरून आडवं पसरलेलं असतं.

हे मला लेकीनं शिकवलं. दीड वर्षाची होती. जवळचा म्हणून उघडा रस्ता धरला, बाजाराबाहेर बाबागाडी उन्हात ठेवली आणि तिला कडेवर घेऊन भाजी घेतली. परत तिला गाडीत बसवलं तर किंचाळली. पट्ट्याचं बक्कल मांडीला टेकलं होतं. लाल वळ चार दिवस गेला नाही. तेव्हापासून लांबचा का होईना, झाडांचा रस्ता.

गाडी लावतानाही सावली पुढे कुठे जाणार ते बघ. सकाळी ती बुंध्याकडे आखडत येते, तेव्हा बुंध्याजवळ लाव. दुपार कलल्यावर झाडाच्या पूर्वेला. आणि जूनमध्ये भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, आपल्या सवयीच्या उलट.

विमानतळावरून येताना छत्रीसारखी पसरलेली झाडं पाहिलीस ना? तो वर्षावृक्ष, आपला विलायती शिरीष. संध्याकाळी पानं मिटतो, म्हणून मलय माणसं त्याला ‘पुकुल लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच वाजले. आभाळ भरून आलं तर दिवसाही मिटतो. पानं मिटलेली दिसली की घराकडे वळ. वीज कडाडली तर मात्र झाडाखाली क्षणभरही थांबायचं नाही, सरळ बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत शिरायचं.

या शहरात सावली मुद्दाम लावलेली आहे, बाई. 1963 च्या जूनमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतः झाड लावून सुरुवात केली. त्या पिढीनं लावलं म्हणून आपली लेकरं आज चालताहेत. म्हणून बाळानं फांदी ओढली तर हात सोडव हो त्याचा.

शनिवारी ये, आमच्या ब्लॉकपासून बाजारापर्यंत बरोबर चालू. सिग्नलपाशी तेवढा एक उघडा पट्टा लागतो. तिथे बाबागाडीचं छत पुढे ओढून घे.