मेंदूचा नकाशा

भूगोलाच्या तासाला आपण नद्यांचे व लोहमार्गांचे नकाशे काढतो. परंतु ज्या मेंदूच्या साहाय्याने ते काढतो, त्याचा नकाशा मात्र अद्यापि अपुराच आहे. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यांपैकी कोणती पेशी कोणत्या पेशींशी जोडलेली आहे, हे शोधणे म्हणजेच मेंदूचा नकाशा काढणे होय.

या शोधाचा आरंभ एका रंगाने झाला. इ. स. १८७३ मध्ये इटलीतील कामिल्लो गॉल्गी यांनी चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधली. सर्वच पेशी रंगल्या असत्या, तर दाट अरण्यात एकेक झाड वेगळे दिसू नये तसे झाले असते. मेंदू हे एकसंध जाळे आहे, असे गॉल्गींचे मत होते. त्यांचीच युक्ती वापरून स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये दाखविले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र असते. एकीचे टोक दुसरीपाशी येते, पण तिच्यात मिसळत नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोन प्रतिस्पर्ध्यांना विभागून मिळाले! पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काहाल यांचेच म्हणणे खरे ठरविले.

पहिला पूर्ण नकाशा मात्र माणसाचा नव्हे, तर मातीतील एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचा झाला. त्याच्या अवघ्या ३०२ मज्जापेशी! केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी त्याच्या देहाचे अतिसूक्ष्म काप घेऊन, छायाचित्रांतून एकेक धागा हाताने रेखीत वर्षानुवर्षे श्रम केले आणि १९८६ मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लक्ष ३९ हजार पेशींचा नकाशा संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाला. त्याच वर्षी मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचाही नकाशा झाला. त्यात सुमारे ५७ हजार पेशी व १५ कोटी जोड आढळले. आपला संपूर्ण मेंदू त्या तुकड्याच्या दहा लक्ष पटींहूनही मोठा आहे.

मग नकाशा पूर्ण झाला, की मन कळेल काय? तसे नाही. कृमीचा नकाशा हाती असूनही त्याचे सारे वर्तन आपणांस सांगता येत नाही. कारण रस्ता कळला, तरी त्यावरून केव्हा काय जाते, ते नकाशा सांगत नाही. शिवाय अभ्यासाने व सरावाने हे जोड बळकट होतात, नवे निर्माण होतात. म्हणजे पाढे पाठ करणारा विद्यार्थी स्वतःच आपल्या मेंदूचा नकाशा थोडा थोडा बदलीत असतो. तो कसा बदलावा, हे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.