छऱ्याचा साचा आणि घरातलं शिसं

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर जाऊन आदळणारा छर्रा 4.5 मिलिमीटर जाडीचा आणि वजनाने साधारण अर्ध्या ग्रॅमचा. याच प्रकारात गगन नारंगने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत जगज्जेता झाला. या पातळीवरचे नेमबाज रायफल व्हाइसमध्ये घट्ट आवळतात, वेगवेगळ्या लॉटचे छर्रे झाडून पाहतात आणि ज्या लॉटची भोकं कागदावर सगळ्यात दाटीने पडतात, त्याचेच डबे साठवून ठेवतात. त्यांची सारी परीक्षा विकतच्या छऱ्यांची असते.

पुण्याजवळच्या निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मात्र एखाद्याला वेगळा, छर्रे स्वतःच घडवण्याचा मोह पडणं स्वाभाविक आहे. इथे भोसरी, तळवड्याच्या गाळ्यागाळ्यांत डाय, गेज, फिक्श्चर बनतात आणि मायक्रॉन हा शब्द घरातही ऐकू येतो. निगडीच्या यमुनानगरात राहणाऱ्या आणि चाकणजवळच्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या हौशी नेमबाजालाही तो पडला. त्याच्याकडे दाबून भरलेल्या हवेवर चालणारी पीसीपी रायफल होती. नेहमीचा छर्रा मधे बारीक आणि मागून पोकळ असतो. त्याऐवजी गोळीसारखा भरीव स्लग हवा, तो लांबवर वेग टिकवतो, आणि साचा तर आपणच कापू शकतो, असा त्याचा हिशेब होता.

कल्पना नवी नव्हतीच. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 च्या सुमारास स्वीकारलेल्या जिरार्डोनी एअर रायफलसोबत शिपायाला गोळ्या ओतायचा साचाही मिळत असे. पण ती गोळी युद्धभूमीवर माणसाच्या अंगावर झाडायची होती, अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नव्हे.

साचा सुरेख झाला. बाल्कनीत गॅसच्या शेगडीवर लोखंडी पळीत शिसं वितळलं, स्लग चकचकीत निघाले. कॅलिपरवर व्यास बरोबर आला. शूटिंग रेंजवर मात्र भोकं इतकी पसरली, की त्याच्या जुन्या डब्यातले साधे छर्रे कितीतरी सरस ठरले.

कारण साध्या गणितात आहे. ओतकामात धातू गोठताना आक्रसतो आणि आत पोकळी राहते. शिशाची घनता घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम, म्हणजे एक मिलिमीटर व्यासाची पोकळी सुमारे सहा मिलिग्रॅम वजन खाते. सोनाराच्या स्वस्त काट्याची अचूकता दहा मिलिग्रॅमची, त्याला ते दिसत नाही. शिवाय पोकळी मध्यावर नसेल तर नळीतल्या आट्यांनी फिरवलेला स्लग हवेत डगमगतो. कारखान्यात एक पीस नापास झाला तर तो रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जातो. इथे प्रत्येक पीस आतून वेगळा आणि बाहेरून सारखाच.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 270 मीटर वेगाने निघाला, तर ऊर्जा सुमारे 19.3 जूल. त्याच रायफलमधून 0.84 ग्रॅमचा स्लग 220 मीटर वेगाने निघाला, तर ती 20.3 जूल होते. पीसीपी रायफलमध्ये जड स्लग नळीतून सावकाश सरकतो, हवा त्याला जास्त वेळ ढकलते, म्हणून ऊर्जा वाढते. रायफलच्या एकाही स्क्रूला हात न लावता माणूस परवान्याच्या हद्दीत शिरू शकतो. वेग मोजणारा क्रोनोग्राफ म्हणूनच आवश्यक आहे. गच्चीवर किंवा निगडीतल्या दुर्गा टेकडीच्या आडोशाला चाचणी घेण्याचा तर विचारही नको. टेकडीवर पहाटेपासून माणसं फिरायला येतात आणि भरीव स्लग दगडावरून उसळून कुठेही जाऊ शकतो.

सगळ्यात मोठी किंमत मात्र नेमाबाहेरची होती.

शिशासाठी भंगारातून आणलेल्या चाकांच्या बॅलन्सिंगच्या वजनांना ओल होती. शिसं 327 अंशांवर वितळतं. त्यात पाण्याचा थेंब गेला, की त्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे सतराशे पट जागा मागते. वितळलेलं शिसं पळीतून उडालं. मनगटावरचा चटका भरून आला. पुढे बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या मुलीच्या रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं, तेव्हा ते वाढलेलं निघालं. वितळलेल्या शिशावरून काढून बाल्कनीत टाकलेली मळी, तिची करडी पूड, त्याच फरशीवर वाळत घातलेले कपडे आणि रांगतं मूल, सगळा माग तिथेच लागला.

शिशाची धूळ वासाने कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषतात. ते हाडांत साठून वर्षानुवर्षं राहतं, गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं, मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर इथे जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या घरगुती धंद्यामुळे 2007 ते 2008 च्या काही महिन्यांत 18 मुलांचा मृत्यू झाला. तिथलं प्रमाण कितीतरी मोठं होतं. पण पायाला लागून घरात येणारी धूळ आणि मुलाचं तोंडात जाणारं बोट हा मार्ग निगडीतही तोच.

म्हणून घरात, बाल्कनीत, गच्चीवर शिसं वितळवूच नये. खिडकी उघडी ठेवणं किंवा तोंडाला रुमाल बांधणं हा उपाय नाही, कारण धोका फक्त धुराचा नसून मळीच्या पुडीचा आहे. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांना तर हातही लावू नये. त्यांत अँटिमनी, कधी आर्सेनिक असतं आणि त्यांची मळी ओली झाली तर जीवघेणे वायू निघू शकतात.

हौस चाचणीत पुरवावी. दोन-तीन वजनांचे विकतचे छर्रे घ्यावेत, एक मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वेगळे करावेत, टेकू देऊन प्रत्येक लॉटचे गट कागदावर पाडावेत, क्रोनोग्राफवर वेग नोंदवावा. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल निगडीहून दूर नाही, प्रशिक्षकाच्या नजरेखाली हे शिकता येतं. छर्रा नळीत अडकला तर त्यामागे दुसरा कधीही झाडू नये. आधी रायफलमधली हवा पूर्ण सोडावी, मगच गजाने ढकलावा. छर्रे ओठांत धरू नयेत. रेंजवर खाणं नको, आणि घरी येताच हात साबणाने धुवावेत. त्या कपड्यांत मुलाला उचलून घेऊ नये, ते वेगळे धुवावेत.

ज्यांनी घरात आधीच शिसं ओतलं आहे, त्यांनी केरसुणी फिरवू नये, पूड उडते. मुलांना दूर ठेवून फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं. मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. आकडा वाढलेला असेल तर पहिला उपचार म्हणजे घरातला स्रोत काढणं, औषध किती वाढीवर द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. उरलेलं शिसं आणि मळी घंटागाडीत न टाकता अधिकृत रिसायकलरकडे द्यावी, आणि शिसं वितळवलेली पळीही पुन्हा स्वयंपाकघरात न आणता तिथेच द्यावी.