सहलीतले पथ्य आणि एकच पंगत

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वस्त्यांतून अजिंठा-वेरूळला गाड्या निघतात. भाऊ, जावा, पोरंबाळं मिळून पंधरा-सोळा माणसं एका गाडीत. त्यांत बहुधा इन्सुलिन घेणारी एखादी आत्या असते. तिच्या पथ्याचं बोलणं होतं ते एवढंच, "आत्याला गोड देऊ नका."

हा अर्धाच समज आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला प्रवासात जास्त भीती असते ती जेवण चुकण्याची. टोचलेले इन्सुलिन ढाबा सापडेपर्यंत थांबत नाही, ते साखर उतरवीतच राहते. साखर ७० च्या खाली गेली की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, माणूस चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो. गाडीतले म्हणतात, "आत्या उगाच चिडल्या." अशा वेळी आधी साखर द्या, समजूत मागाहून घाला. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. बरे वाटले की भाकरी किंवा बिस्किटे. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

ही साखरेची पुडी आत्याच्या स्वतःजवळ हवी. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूर फाट्यावर थांबते, तिथून लेण्यांपर्यंत सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. पुडी गाडीतल्या पिशवीत राहिली तर तिचा उपयोग शून्य. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात, आणि मधुमेहात पायाला बधिरपणा असेल तर खडा टोचलेला कळत नाही. मोजे घालू द्या, रात्री तळवे बघा.

अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद असते, हे बघून आपण दिवस ठरवतो. तशीच जेवणाची वेळही घरूनच ठरवावी. जेवणाआधीचे इन्सुलिन जेवण कधी मिळणार हे नक्की झाल्यावरच टोचावे. बाटली तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

आता ताटाबद्दल. "तुमचं वेगळं काढलंय" असं म्हटलं की आत्या म्हणते, "मला नको वेगळं, सगळ्यांचं तेच द्या," आणि पुरी-श्रीखंड खाते. घरचे याला हट्ट म्हणतात. मला तो हट्ट वाटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना वेगळ्या कपात चहा मिळत होता. 'वेगळं' हा शब्द आपल्या घरांत सहज उच्चारण्यासारखा नाही. म्हणून ताट एकच ठेवा, आत्याला चालेल तेच सगळ्यांना. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, उकडलेली अंडी, काकडी. मटण-मासेही चालतात, तर्री कमी घ्यावी. यात उपाशी राहील असं घरात कोण आहे? पोरांचे लाडू-शंकरपाळे चारच्या चहाला निघू द्या. भाकरीनेही साखर वाढते, तेव्हा घरी दोन खात असेल तर सहलीतही दोनच. आणि गूळ चालतो म्हणणाऱ्या वहिनींना सांगा, गूळ म्हणजेही साखरच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पथ्य वेगळे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लाजण्यासारखे यात काही नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांचे खाणेपिणे व औषधे सांभाळत.

पौर्णिमेची सहल असेल तर आणखी एक. अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याचा नियम इन्सुलिनवर असलेल्यांनी, आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये. विनयात आजारी भिक्खूंना वेळ टळल्यावरही तूप, मध, गूळ औषध म्हणून घेण्याची मुभा आहे. तेव्हा आत्या म्हणाली, "शील मोडेल," तर आदल्या दिवशीच तिची भंतेजींशी गाठ घालून द्या. ते सांगतील ते ती ऐकेल, आपले ऐकणार नाही.