पान करपण्यापूर्वी

प्रास्ताविक

तंजावर हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे, ते तेथील भोसले घराण्याच्या राज्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. तमिळनाडूत मात्र कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाग भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. भारतात भातावरील करपा रोगाची पहिली नोंद १९१३ साली याच भागात झाली आणि १९१९ साली येथेच त्याची पहिली मोठी साथ आली. कोकणात, मावळात आणि पूर्व विदर्भातही हा रोग आढळतो. तंजावरच्या अनुभवातून या रोगाविषयी काय शिकता येते, ते या पाठात पाहू.

रोगाची ओळख

करपा हा बुरशीमुळे होणारा रोग आहे. प्रथम पानावर लहान, पाणीदार ठिपके दिसतात. ते वाढून मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळते, म्हणजे डोळ्याच्या आकाराचे होतात. त्यांचा मध्यभाग राखाडी आणि कडा तपकिरी असते. ठिपके एकमेकांत मिसळले की पान करपून जाते. लोंबी बाहेर पडल्यावर हीच बुरशी लोंबीच्या देठावर आली, तर तेथे काळपट पट्टा पडतो, लोंबी मोडते आणि दाणे पोचट राहतात. पानावरील रोगातून पीक काही वेळा सावरते. लोंबीच्या मानेवरील रोगातून सावरण्यास त्याला वेळच उरत नाही.

दुसऱ्या एका बुरशीमुळे भाताच्या पानावर गोल किंवा लंबगोल तपकिरी ठिपके पडतात. तो रोग बहुधा निकस जमिनीत बळावतो. करपा मात्र भरपूर खत दिलेल्या हिरव्यागार शेतात जोर धरतो. म्हणून उपाय करण्यापूर्वी ठिपक्याचा आकार नीट पाहावा.

रोगाचा फैलाव

या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन पानाला चिकटतात. पान काही तास ओले राहिले की बीजाणू रुजतो आणि त्याच्या टोकाशी एक घुमटासारखी पेशी तयार होते. या पेशीतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या तीस पटींहून अधिक असू शकतो. त्या बळावर बुरशी पानाची त्वचा भेदून आत शिरते. साधारणतः चार-पाच दिवसांत नवा ठिपका दिसू लागतो आणि त्यातून पुन्हा हजारो बीजाणू बाहेर पडतात.

ढगाळ हवा, रिमझिम पाऊस, दाट दव आणि सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणारे रात्रीचे तापमान या बुरशीला मानवते. तंजावरकडे सांबा हंगामातील भात ईशान्य मोसमी पावसात वाढते आणि त्यानंतर दवाच्या रात्री येतात. त्यामुळे तेथे रोगाला अनुकूल परिस्थिती आयतीच लाभते.

तंजावरचा अनुभव

साथीनंतरच्या काळात संशोधकांनी रोगाला सहज बळी न पडणाऱ्या वाणांचा शोध सुरू केला. १९१२ साली कोइंबतूर येथे आणि १९२२ साली तंजावर जिल्ह्यातील आडुतुरै येथे भातसंशोधन केंद्रे स्थापन झाली. कोइंबतूरचे ‘को ४’ हे वाण करप्याला दाद देत नसे, तर आडुतुरैचे ‘एडीटी १०’ हे वाण त्याला लवकर बळी पडे. या दोन वाणांच्या संकरातून ‘को २५’ हे रोगप्रतिकारक वाण निर्माण झाले. तथापि, बुरशीही बदलत असते. आज टिकून राहणारे वाण काही वर्षांनी रोगाला बळी पडू शकते. म्हणून वाणाची निवड वेळोवेळी नव्याने करावी लागते.

प्रतिबंधक उपाय

१. आपल्या भागासाठी शिफारस केलेले रोगप्रतिकारक वाण निवडावे. रोगट शेतातील बियाणे वापरू नये.

२. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

३. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास १० ग्रॅम स्यूडोमोनास हे जैविक औषध चोळावे.

४. नत्रयुक्त खत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. पीक अधिक हिरवे दिसावे म्हणून युरियाची जादा मात्रा देणे म्हणजे रोगाला आमंत्रण देणे होय.

५. लावणी फार दाट करू नये. बांधावरील गवत काढावे. रोगट पेंढा व धसकटे शेतात राहू देऊ नयेत. बुरशी त्यांच्या आश्रयाने पुढील हंगामापर्यंत टिकून राहते.

रोग आल्यावर

रोग दिसताच नत्रखताचा पुढील हप्ता थांबवावा आणि शेत कोरडे पडू देऊ नये. फवारणी आवश्यक वाटल्यास कृषी सहायकाच्या सल्ल्याने, वेष्टनावरील मात्रेनुसारच करावी. फवारणीच्या वेळी तोंडाला फडके बांधावे, हातमोजे घालावेत आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. फवारणी व कापणी यांमध्ये सांगितलेले अंतर पाळावे. करप्यावर वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लॅझोल या बुरशीनाशकाच्या तांदळातील अवशेषांची मर्यादा यूरोपीय संघाने २०१७ साली किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. शेतात फवारलेल्या औषधाचा अंश ताटातील भातापर्यंत पोहोचू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

औषधाने नवे ठिपके पडणे रोखता येते. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. त्यामुळे करप्याविरुद्धचे खरे काम शेतात ठिपका दिसण्यापूर्वी, बियाणे निवडतानाच सुरू होते.

पाठगत प्रश्न

१. करप्याचा ठिपका आणि तपकिरी ठिपका यांतील फरक सांगा.

२. हिरव्यागार शेतात करपा अधिक का बळावतो?

३. रोगप्रतिकारक वाण वेळोवेळी का बदलावे लागते?

४. आपल्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याला भेटून, तो बियाण्यावर पेरणीपूर्वी कोणती प्रक्रिया करतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.