सत्यापुढे झुकण्याचे धैर्य : हाजी मलिक अल-शबाज (माल्कम एक्स)

न्यायावर ठाम राहा, मग ती साक्ष स्वतःच्या विरुद्ध का जाईना, अशी कुरआनची शिकवण आहे (सूरह निसा : १३५). इतरांच्या अन्यायाविरुद्ध बोलणारे पुष्कळ आढळतात. स्वतःविरुद्ध साक्ष देणारे विरळा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स हे अशा विरळांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९ मे १९२५ रोजी ओमाहा येथे झाला. बालपणीच वडिलांचा मृत्यू झाला, आई मनोरुग्णालयात गेली आणि भावंडे पांगली. तारुण्यात ते गुन्हेगारीकडे वळले व १९४६ मध्ये घरफोडीबद्दल तुरुंगात गेले. तेथे त्यांनी शब्दकोश उतरवून काढीत ज्ञानसाधना केली. तेथेच त्यांचा 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेशी संबंध आला. १९५२ मध्ये सुटल्यावर ते तिचे सर्वांत प्रभावी वक्ते बनले. परंतु गोरे लोक जन्मतःच सैतान आहेत, ही तिची शिकवण इस्लामी नव्हती.

मार्च १९६४ मध्ये ते संघटनेतून बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात हजला गेले. हजारोंना इस्लामकडे बोलावणाऱ्या या वक्त्याला नमाजची योग्य पद्धतही येत नव्हती. जिद्दा येथे त्यांनी ती नवशिक्याप्रमाणे शिकून घेतली. एकाच वेशात, एकाच ताटात जेवणारे सर्व वर्णांचे हाजी त्यांनी पाहिले आणि आपला पूर्वीचा विचार चुकीचा होता, हे पत्रांतून जगजाहीर केले. सूरह हुजुरातमधील तेराव्या आयतीचा अर्थ त्यांनी जणू डोळ्यांनी पाहिला : अल्लाहजवळ श्रेष्ठत्व वर्णाने नव्हे, तकव्याने ठरते.

यामुळे त्यांचा लढा मात्र थंडावला नाही. वर्णद्वेषाचा विरोध कायम राहिला. द्वेष तेवढा गळून पडला. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या घरावर पेटते बॉम्ब टाकण्यात आले. तरीही २१ फेब्रुवारीला ते न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन सभागृहात भाषणास उभे राहिले आणि पत्नी व मुलींच्या देखत गोळ्यांना बळी पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३९ वर्षांचे होते.

हजारो अनुयायांसमोर 'मी चुकलो होतो' असे म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. आपल्याला आपल्या घरात, मुलांसमोर, तेवढे म्हणता येते का? सत्य समजल्यावर आपल्या मताचा हट्ट सोडणे हीदेखील अल्लाहपुढील शरणागतीच आहे.