ग्राउज पक्षी का घटतात?

मेलेल्या पक्ष्याच्या आतड्यात कृमी सापडले, तर तो कृमींमुळेच मेला असे म्हणता येईल काय? उत्तर वाटते तितके सोपे नाही.

ब्रिटनच्या उत्तर भागात हेदर नावाच्या खुरट्या झुडपांनी झाकलेली माळराने आहेत. कोंबडी-तित्तिरांच्या कुळातील तांबडा ग्राउज तेथे राहतो. हेदरचे कोवळे शेंडे हे त्याचे मुख्य अन्न होय. शिकारीसाठी त्याला जपले जाते आणि दरवर्षी किती पक्षी टिपले याची नोंद होते. ह्या नोंदींत एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते : काही वर्षे संख्या वाढते आणि मग एकाएकी कोसळते. उत्तर इंग्लंडात हे चक्र साधारणपणे ४ ते ८ वर्षांचे असते.

एका चौकशी समितीने ह्याचा शोध घेतला. पुढे कॅप्टन स्कॉट यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवावर गेलेले डॉ. एडवर्ड विल्सन ह्या समितीसाठी काम करीत होते. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ट्रायकोस्ट्राँगिलस टेनुइस ह्या बारीक सूत्रकृमीवर ठपका ठेवण्यात आला.

हा कृमी पक्ष्याच्या अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या नळीत राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ओलसर, उबदार हवेत त्यांतून अळ्या निघतात, हेदरच्या शेंड्यांवर चढतात आणि अन्नाबरोबर दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जातात. पक्ष्यांची दाटी झाली की कृमीही वाढतात.

पण धडधाकट ग्राउजच्या पोटातही हे कृमी असतातच! मग त्यांना दोषी कसे ठरवायचे? हडसन, डॉब्सन आणि न्यूबॉर्न ह्या शास्त्रज्ञांनी उत्तर इंग्लंडातील सहा ठिकाणचे ग्राउज निवडले. १९८९ व १९९३ ह्या वर्षी संख्या कोसळेल असा त्यांचा अंदाज होता. दोन ठिकाणच्या पक्ष्यांना पकडून दोन्ही वेळा कृमिनाशक औषध पाजले, दोन ठिकाणी एकदाच पाजले आणि उरलेल्या दोन ठिकाणी मुळीच पाजले नाही. औषध न दिलेल्या ठिकाणी संख्या कोसळली. जेथे औषध दिले तेथे घसरण बरीच कमी झाली. हे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले.

कृमी अंधांत्राच्या अस्तरात शिरतात, त्यामुळे मादी अशक्त होते आणि तिची पिले कमी जगतात. शिवाय शिकारी प्राण्यांनी मारलेल्या पक्ष्यांत कृमी अधिक आढळले. म्हणजे मारतो कोल्हा, पण वाट्याला कृमीही असतात!

तरीही कृमी हे एकमेव कारण नव्हे. स्कॉटलंडमधील प्रयोगांत, शरद ऋतूत नरांची हद्दीसाठी होणारी भांडणे वाढली की पक्षी घटतात, असेही दिसून आले.

आता विचार करा : दोन ठिकाणी औषध दिलेच नाही म्हणून प्रयोगाला अर्थ उरला, पण सहाही ठिकाणी दिले असते तर? वर्गात शिक्षकांशी चर्चा करून उत्तर शोधा.